तैवानचा दूतावास नाही, मग व्हिसा कोण देतं?

भारताने 30 डिसेंबर 1949 रोजी चीनचं सरकार म्हणून बीजिंगच्या सरकारला मान्यता दिली. तैवानशी आपले राजनैतिक संबंध नाहीत, म्हणून दिल्लीत त्यांचा दूतावासही नाही. तरी अडत काही नाही. 1995पासून तिथे ‘तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्र’ आहे आणि दूतावासाची बहुतेक कामं तेच करतं. चेन्नई आणि मुंबईतही केंद्राची कार्यालयं आहेत. आपलं राज्य कोणाकडे येतं ते आधी पाहून घ्या. तैपेईत आपली ‘इंडिया-तैपेई असोसिएशन’ आहे. तिथे असताना पासपोर्ट हरवला, तर तिकडेच जायचं.

फिरायला जाणाऱ्यांनी आधी ऑनलाइन प्रवास परवाना मिळतो का ते पाहावं. तो मोफत आहे. 90 दिवसांत कितीही वेळा जाता येतं, मात्र एका वेळी 14 दिवसच राहता येतं. अट अशी की अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, शेंगेन (सामायिक व्हिसा असलेले युरोपीय देश), जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड यांपैकी कुठला तरी व्हिसा किंवा रहिवासी कार्ड हवं. गेल्या 10 वर्षांत मुदत संपलेला व्हिसाही बहुधा चालतो. पासपोर्ट किमान 6 महिने वैध हवा आणि परतीचं तिकीटही हवं. तैवानमध्ये पूर्वी कामगार म्हणून राहिलेल्यांना ही सोय नाही.

यात बसत नसाल तर रीतसर व्हिसा काढावा लागतो: 180 दिवसांपर्यंत अभ्यागत, त्याहून जास्त राहायचं तर निवासी. फॉर्म ऑनलाइन भरून, छापून, सही करून द्यायचा. सोबत पासपोर्ट, फोटो, आणि जाण्याचं कारण दाखवणारा कागद, म्हणजे विद्यापीठाचं प्रवेशपत्र, कंपनीचं निमंत्रण वगैरे.

खरी दमछाक शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांची होते, ती पदवीच्या कागदांपायी. एजंट सवयीने अपोस्टिल करून देतात, म्हणजे हेग करारातल्या देशांत चालणारा प्रमाणपत्राचा शिक्का, पण तैवान त्या करारात नाही, त्यामुळे तो शिक्का तिथे कामाचा नाही. पदवी आधी राज्य सरकारकडून साक्षांकित करायची, मग परराष्ट्र मंत्रालयाचं साधं साक्षांकन घ्यायचं (फॉर्मवर अपोस्टिलच्या रकान्यात खूण करू नका) आणि शेवटी तैपेई केंद्राकडून प्रमाणित करून घ्यायची. मंत्रालयाचा शिक्का नसलेला कागद घेऊन केंद्रात गेलात तर हेलपाटा ठरलेला. व्हिसाचा अर्ज नंतर करता येईल, पदवीचं काम मात्र प्रवेश पक्का झाल्याच्या दिवशीच सुरू करा.