ओसाकाची खाद्यसंस्कृती आणि व्यापारी परंपरा

जपानमधील ओसाका शहराच्या खाण्यापिण्याला तिथल्या व्यापारी पेठांनी वळण दिले. एदो काळात (१६०३–१८६८) राज्यकारभार एदोतून, म्हणजे आजच्या तोक्योतून चाले, सम्राट क्योतोत राही आणि देशभरचा माल ओसाकात उतरे. या शहराला ‘देशाचे स्वयंपाकघर’ म्हणतात ते यामुळे. प्रत्यक्षात इथे वखारी आधी आल्या, चुलींचे नाव नंतर झाले.

तोयोतोमी हिदेयोशी या बलाढ्य सेनानीने १५८३ मध्ये येथे किल्ला बांधायला घेतला आणि साकाईसारख्या जुन्या बंदरांतले व्यापारी आणून वसवले. पुढे सरदार मंडळी तांदळाच्या रूपात गोळा केलेला सारा विकून रोकड करण्यासाठी ओसाकात पाठवू लागली. नाकानोशिमा आणि परिसरात, कालव्यांच्या काठाने त्यांच्या वखारी उभ्या राहिल्या. दोजिमाच्या तांदूळ बाजारात या साठ्यांच्या पावत्यांची खरेदी-विक्री होई. १७३० मध्ये शोगुनशाहीने, म्हणजे एदोच्या लष्करी राजवटीने, या बाजाराला अधिकृत मान्यता दिली. जगातल्या सर्वांत जुन्या संघटित वायदेबाजारांत त्याची गणना होते.

मात्र ओसाकाची चव घडवली ती तांदळापेक्षा कोम्बूने. कोम्बू हे थंड समुद्रातले जाड, पट्ट्यासारखे शेवाळ. ते येई उत्तरेकडच्या एझोहून, आजच्या होक्काइदोहून. १६७२ मध्ये कावामुरा झुइकेन या व्यापाऱ्याने जपानी समुद्राच्या बाजूने, शिमोनोसेकीला वळसा घालून ओसाकाला येणारा जलमार्ग व्यवस्थित लावून दिला. या मार्गावरच्या ‘कितामाएबुने’ जहाजांचे मालक नुसते भाड्याने माल वाहत नसत. बंदरोबंदरी स्वतःच खरेदी-विक्री करत. येताना कोम्बू आणि हेरिंग मासा, जाताना मीठ, कापड, साके ही तांदळाची दारू. हेरिंगचे खत आसपासच्या कापसाच्या शेतांत गेले आणि कोम्बू पातेल्यात. कोम्बू आणि वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाचे कीस यांचे निथळ पाणी, म्हणजे दाशी, हा ओसाकाच्या स्वयंपाकाचा पाया. म्हणूनच इथल्या उडोनचा, म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्सचा, रस्सा फिकट रंगाचा असतो, तर तोक्योकडचा सोया सॉसने गडद.

कोम्बूच्या प्रक्रियेत साकाईचे कारागीर पुढे होते. चाकू-सुऱ्यांसाठी हे गाव आधीपासून प्रसिद्ध होते, त्यामुळे धारदार पाते हाताशीच होते. व्हिनेगरमध्ये भिजवून मऊ केलेली पट्टी ताणून धरायची आणि पात्याने तिचा पापुद्रा खरवडत न्यायचा. निघतो तो ‘ओबोरो कोम्बू’, सुतरफेणीच्या तारांइतका हलका. खरवडून झाल्यावर मधला पांढरट पातळ गाभा उरतो. तोही टाकत नाहीत. साच्यात दाबून केलेल्या ‘बात्तेरा’ या बांगड्याच्या सुशीवर तो पांघरतात.

ही काटकसर सेम्बा या व्यापारी पेठेत शिस्तच होती. पेढीवर लहान वयात कामाला लागलेल्या मुलांना भात, लोणचे आणि सूप एवढ्यावर भागवावे लागे. मासा साधारणपणे महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी. खारवलेल्या बांगड्याचे मांस खाऊन झाले की डोके आणि काटे मुळ्याबरोबर उकळून ‘सेम्बाजिरू’ हे सूप होई. मिठासाठी वेगळा खर्च नाही, कारण मासाच खारा. ‘क्योतोकर कपड्यांपायी बुडतो, ओसाकाकर खाण्यापायी’ ही प्रसिद्ध म्हण वाचून उधळपट्टीचे जे चित्र उभे राहते, ते निदान पेढीच्या रोजच्या पंगतीला लागू पडत नाही. पैसा सुटे तो गिऱ्हाइकांच्या आणि अडत्यांच्या सरबराईत. तिथे मात्र जिभेची पारख कडक असे. गिऱ्हाइकासमोरच चिरून-शिजवून वाढण्याची ‘काप्पो’ पद्धत ओसाकात रुजली, ती अशाच चोखंदळ खवय्यांच्या जोरावर.

इल मासा एदोत पाठीकडून, तर ओसाकात पोटाकडून चिरतात. सामुराईंना पोट चिरण्यात आत्महत्येचा अपशकुन दिसे, व्यापाऱ्यांना तसले काही नव्हते, असे याचे कारण सांगतात. गोष्ट रंगतदार आहे. पुरावा म्हणून तिच्यावर फार भिस्त ठेवू नये.

पर्यटकांना ठाऊक असलेले ओसाका मात्र बरेच अलीकडचे आहे. ताकोयाकी, म्हणजे ऑक्टोपसचे तुकडे घातलेले पिठाचे गोळे, १९३५ मध्ये आइझुया या दुकानाने आणले. त्यांचा थेट संबंध पेढ्यांशी जोडणे ओढूनताणून होईल. तरी पिठात दाशी घालण्याची सवय जुनीच, आणि आइझुयाचे मूळ ताकोयाकी सॉसशिवायच खातात. ओकोनोमियाकीचा, म्हणजे कोबी घालून तव्यावर भाजलेल्या जाड धिरड्याचा, आजचा प्रसार तर दुसऱ्या महायुद्धानंतरचा.

जुन्या घाऊक पेठा तीन: झाकोबा ताज्या मासळीची, तेनमा भाजीपाल्याची आणि उत्सुबो सुक्या-खाऱ्या मासळीची. १९३१ मध्ये शहराचा मध्यवर्ती घाऊक बाजार सुरू झाला आणि त्यांचा व्यवहार तिकडे गेला. उत्सुबोच्या जागी आता सार्वजनिक बाग आहे.