इबोलाचे डॉक्टर अवयव काढून घ्यायचे, हे खरं नाहीये

२०१४ मधे पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हाची ही अफवा अजून फिरतेय, की इबोलाच्या उपचार सेंटरमधे नेलेला माणूस जिवंत परत येत नाही, बॉडी पण देत नाहीत, म्हणजे आत किडन्या काढत असणार.

बॉडी देत नव्हते कारण इबोलाचा व्हायरस माणूस गेल्यावरही शरीरात असतो आणि रक्त, उलटी, घाम यातून लागतो. तिकडे घरचेच मृतदेहाला अंघोळ घालतात, जवळ घेतात, आपल्याकडेही घालतातच की, आणि त्यातूनच एका अंत्यविधीतून कितीतरी जण आजारी पडायचे. म्हणून मृतदेह बॅगेत बंद करून पुरायचे.

आणि परत येत नव्हते हेही पूर्ण खरं नाही. गिनी, लायबेरिया, सिएरा लिओन धरून २८,००० च्या वर केसेस आणि ११,००० च्या वर मृत्यू, म्हणजे बरे झालेलेही हजारो होते! अवयव चोरणारे म्हणता त्यातले ५०० हून जास्त आरोग्य कर्मचारी स्वतः इबोलाने गेले. गिनीच्या वोमे गावात तर सप्टेंबर २०१४ मधे माहिती द्यायला गेलेल्या टीममधल्या ८ जणांना गावकऱ्यांनी मारलं.

पण गावकऱ्यांना नुसतं अडाणी म्हणू नका प्लीज. आपली आई कोणीतरी तोंड झाकलेला माणूस गाडीत घालून नेतो, पुढे काहीच कळत नाही, तर संशय आपल्यालाही येईल. नंतर काही सेंटरांनी कुंपण बुटकं केलं, लांबून का होईना पेशंट दिसायला लागला, अंत्यविधीला नातेवाईकांना सुरक्षित अंतरावर उभं राहू दिलं, तेव्हा लोक स्वतःहून पेशंट आणायला लागले.