मेथडिस्ट चळवळ आणि चर्च ऑफ इंग्लंड (१७२९–१७९५)

अठराव्या शतकात इंग्लंडच्या राजमान्य चर्चमध्येच जन्मलेली धर्मजागृतीची चळवळ. तिचे प्रणेते जॉन वेस्ली (१७०३–१७९१) आणि त्यांचे धाकटे बंधू चार्ल्स (१७०७–१७८८) हे दोघेही चर्च ऑफ इंग्लंडचे दीक्षित पाळक होते आणि अखेरपर्यंत त्याच चर्चचे म्हणवून घेत राहिले. तरीही त्यांच्या मागे स्वतंत्र पंथ उभा राहिला. ही ताटातूट अमुक दिवशी झाली असे सांगता येत नाही. सभा किती वाजता भरवायची, सभागृहाची नोंद कोणत्या कायद्याखाली करायची, प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) कोणाच्या हातून घ्यायचे, असल्या साध्या व्यवहारी प्रश्नांनी अंतर वाढत गेले. श्रद्धेच्या मुख्य मुद्द्यांवर वेस्ली आणि त्यांचे चर्च यांच्यात फारसे अंतर नव्हतेच.

ऑक्सफर्डमध्ये १७२९ च्या सुमारास काही विद्यार्थी एकत्र येऊन बायबल वाचत, दर आठवड्याला प्रभुभोजन घेत, बुधवारी व शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत उपास धरत आणि तुरुंगातल्या कैद्यांना भेटायला जात. त्यांच्या या काटेकोर दिनक्रमावरून इतरांनी त्यांना चिडवायला ‘मेथडिस्ट’, म्हणजे पद्धतीला चिकटून राहणारे, म्हटले. यातली एकही गोष्ट चर्चबाहेरची नव्हती. चर्चचे जुने नियमच ही मुले इतरांपेक्षा कसोशीने पाळत होती.

२४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरील सभेत, बायबलमधल्या रोमकरांस पत्राला जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचली जात असताना, जॉन वेस्लींना आपल्या तारणाची खात्री पटली. हा अनुभव पुष्कळ वेळा सांगितला जातो. चर्चशी असलेल्या संबंधाच्या दृष्टीने मात्र पुढचे वर्ष जास्त महत्त्वाचे आहे. वेस्लींचे सहकारी जॉर्ज व्हाइटफिल्ड यांनी १७३९ च्या फेब्रुवारीत ब्रिस्टलजवळ किंग्जवुडच्या कोळसा खाणकामगारांपुढे उघड्यावर प्रवचन केले; २ एप्रिलला वेस्लींनीही तेच केले. दुसऱ्याच्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चला नेमून दिलेल्या हद्दीत, तिथल्या पाळकाच्या संमतीशिवाय उपदेश करणे शिस्तीला धरून नव्हते. ब्रिस्टलचे बिशप जोझेफ बटलर यांनी त्याच वर्षी वेस्लींना बोलावून इथे तुमचे काम नाही, निघून जा, असे बजावले. आपली दीक्षा ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजचा फेलो म्हणून झालेली असल्याने आपण कोणा एका पॅरिशला बांधलेलो नाही, असे वेस्लींचे उत्तर होते. या वादामागे लोकवस्तीचा प्रश्न होता. खाणी आणि कारखान्यांभोवती नवी वस्ती दाटत होती, पण पॅरिशच्या सीमा जुन्याच होत्या आणि नवी पॅरिश काढायला पार्लमेंटचा कायदा लागे. हजारो माणसांना हाकेच्या अंतरावर पाळकच नव्हता.

चळवळीची खरी ताकद तिच्या वर्गांत, म्हणजे सभासदांच्या लहान गटांत होती, आणि वर्ग निघाले ते कर्ज फेडण्यासाठी. ब्रिस्टलच्या ‘न्यू रूम’ या सभागृहावरचे कर्ज फेडायला फॉय नावाच्या कप्तानाने १७४२ मध्ये सुचवले की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना तेही झेपणार नाही, अशी हरकत कोणी तरी घेतली. तेव्हा तो म्हणाला, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. ज्यांना जमणार नाही त्यांची पेनी मी भरीन. असे सुमारे बारा जणांचे वर्ग पडले आणि प्रत्येकाला एक वर्गप्रमुख मिळाला. पेनी गोळा करायला घरोघर जाताना कोण पितो, कोण बायकोशी भांडतो, हे वर्गप्रमुखांच्या नजरेस येऊ लागले. एवढ्या मोठ्या समुदायाची देखरेख ठेवण्याचा मार्ग आपल्याला यातच सापडला, हे वेस्लींनी ओळखले. पुढे घरोघर जाण्याऐवजी वर्ग आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागला.

सभासदत्वाची खूण म्हणजे तिकीट: बायबलमधले एखादे वचन छापलेला, सभासदाचे नाव घातलेला कागदाचा लहानसा तुकडा. तो दर तीन महिन्यांनी वर्गाची चौकशी करून नव्याने दिला जाई. ज्याला तिकीट मिळाले नाही तो बाहेर. कोणाला जाहीरपणे हाकलण्याची वेळ सहसा येत नसे. ही चाळणी किती बारीक होती हे न्यूकासलच्या १७४३ च्या हिशेबावरून कळते. तिथे ६४ जणांना काढले: दारूबाजीसाठी १७, शिव्याशाप दिल्याबद्दल २, शब्बाथ (रविवारचा पवित्र विसावा) मोडल्याबद्दल २, दारू विकल्याबद्दल २, भांडणतंट्यासाठी ३, बायकोला मारल्याबद्दल १, नेहमी जाणूनबुजून खोटे बोलल्याबद्दल ३, निंदानालस्तीसाठी ४, आळसासाठी १, आणि सर्वांत जास्त, २९, केवळ बेपर्वाईसाठी. आत येण्याची अट मात्र एकच होती: पापापासून सुटण्याची तळमळ. १७४३ च्या सर्वसाधारण नियमांनुसार ही तळमळ तीन गोष्टींतून दिसायला हवी होती. वाईट करू नये, भले करावे आणि देवाने नेमलेले उपासनाविधी पाळावेत. त्या विधींत प्रभुभोजन येत होते, आणि ते घ्यायला पॅरिश चर्चमध्येच जावे, असा वेस्लींचा आग्रह होता.

त्यासाठी वेळा सांभाळल्या जात. मेथडिस्टांचे प्रवचन पहाटे पाचला किंवा संध्याकाळी होई. रविवारी चर्चच्या उपासनेच्या वेळी सभा भरत नसे. हा नियम टिकवणे अवघड होते, कारण अनेक ठिकाणी पाळकच मेथडिस्टांचा तिरस्कार करत. खुद्द वेस्लींना १७४२ मध्ये एपवर्थ या जन्मगावी चर्चमध्ये बोलू दिले नाही, तेव्हा चर्चच्या आवारातल्या वडिलांच्या थडग्यावर उभे राहून त्यांनी प्रवचन केले. शेवटी १७८६ च्या कॉन्फरन्सने, म्हणजे उपदेशकांच्या वार्षिक सभेने, चार कारणांपुरती सूट दिली: पाळक उघडउघड दुराचारी असेल, तो एरियन मतासारखी (ख्रिस्ताचे पूर्ण देवत्व नाकारणारी) घातक शिकवण देत असेल, गावातल्या निम्म्या लोकांनाही पुरतील एवढी चर्च नसतील, किंवा दोन-तीन मैलांत चर्चच नसेल. असली कारणे जवळजवळ सगळीकडे सापडत, त्यामुळे ही सूट वाढतच जाणार होती.

कायद्याची अडचण याहून बिकट होती. १६८९ च्या सहिष्णुता कायद्याचे संरक्षण फक्त डिसेंटरांना, म्हणजे राजमान्य चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंटांना होते. सभागृहाची आणि उपदेशकाची नोंद करायची तर आपण डिसेंटर आहोत असे मान्य करावे लागे. नोंद केली नाही तर बेकायदा धर्मसभेविरुद्धच्या कायद्याखाली दंड होऊ शकत होता. चळवळीच्या आश्रयदात्या काउंटेस ऑफ हंटिंग्डन यांच्या मेथडिस्ट सभागृहांचा प्रश्न चर्चच्या न्यायालयात गेला आणि १७७९ मध्ये त्यांना डिसेंटर म्हणून नोंद करण्यावाचून इलाज उरला नाही.

निर्णायक प्रश्न प्रभुभोजनाचा ठरला. फिरस्ते उपदेशक बहुतेक दीक्षा न झालेले, साध्या धंद्यांतले लोक होते. ते उपदेश करू शकत. प्रभुभोजन देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. आपल्याला वचन सांगणाऱ्या माणसाच्याच हातून भाकर आणि द्राक्षारस मिळावा, असे सभासदांना वाटे, आणि ही इच्छा अगदी रास्त होती. अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्धानंतर आंग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे, पाळक फारच थोडे उरले. तिथल्या कामासाठी वेस्लींच्या विनंतीवरून दीक्षा द्यायला लंडनच्या बिशपांनी आधीच नकार दिला होता. प्राचीन ख्रिस्ती मंडळीत बिशप आणि प्रेस्बिटर (साधे दीक्षित पाळक) एकाच दर्जाचे होते, त्यामुळे वेस्लींसारख्या पाळकालाही दीक्षा देता येते, या निष्कर्षाला वेस्ली १७४६ पासून आलेले होते. त्या आधारावर सप्टेंबर १७८४ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांनी ब्रिस्टलमध्ये रिचर्ड व्हॉटकोट आणि टॉमस व्हेझी यांना स्वतः दीक्षा दिली आणि टॉमस कोक यांना अधीक्षक म्हणून नेमून अमेरिकेला पाठवले. त्याच डिसेंबरात बाल्टिमोर येथे मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झाले. चार्ल्स यांना या दीक्षा मुळीच मान्य नव्हत्या. दीक्षा देणे म्हणजेच वेगळे होणे, अशी त्यांची धारणा होती, आणि व्यवहारात तेच खरे ठरले. चार्ल्स यांचे दफन त्यांच्या इच्छेप्रमाणे मॅरिलबोनच्या पॅरिश चर्चच्या आवारात झाले. जॉन यांचे लंडनच्या सिटी रोडवरील मेथडिस्ट चॅपेलमागे (प्रार्थनागृहामागे).

१७८४ च्याच एका दस्ताने वेस्लींच्या पश्चात शंभर उपदेशकांची कॉन्फरन्स ही चळवळीची कायदेशीर वारस ठरली. १७९५ च्या समेट योजनेनुसार, एखाद्या चॅपेलच्या विश्वस्तांचे बहुमत आणि कारभारी व वर्गप्रमुखांचे बहुमत अशी दोन्ही मिळाली आणि कॉन्फरन्सने संमती दिली, तर तिथे प्रभुभोजन देता येऊ लागले. चॅपेलागणिक, मतदानाने, वेगळे होणे पुरे झाले.

महाराष्ट्रात ही परंपरा आली ती मुख्यतः अमेरिकन शाखेतून. अमेरिकन मेथडिस्ट उपदेशक विल्यम टेलर यांनी १८७१ च्या अखेरीस मुंबईत काम सुरू केले. अमेरिकन आणि ब्रिटिश शाखांमधल्या या फरकाचा परिणाम शंभर वर्षांनी दिसला. १९७० मध्ये अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आंग्लिकनांसोबत त्यात सामील झाले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट बाहेर राहिले, आणि मेथडिस्ट चर्च इन इंडिया आजही स्वतंत्र आहे.