ओढू नका, पाणी घाला

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचा मोरकम बे हा उपसागर दिवसातून दोनदा रिकामा होतो. ओहोटी पुरती लागली की सुमारे 310 चौरस किलोमीटर वाळू आणि गाळ उघडा पडतो, आणि पलीकडचा काठ पायी गाठता येईल इतका जवळ वाटायला लागतो. लोक खरोखरच तसे जायचे. 1857 मध्ये रेल्वे येईपर्यंत घोडागाड्यांची नेहमीची वाट या वाळूवरूनच होती, आणि ती दाखवायला सोळाव्या शतकापासून राजाने नेमलेला वाटाड्या असे. ते पद आजही आहे. वाटाड्या लॉरेलच्या फांद्या वाळूत रोवून मार्ग आखतो आणि तो वरचेवर बदलतो, कारण केंट, लेव्हन आणि कीअर या नद्या उपसागरात आपली पात्रं सारखी हलवत असतात. काल जिथून ट्रॅक्टर गेला तिथे आज माणूस मांडीपर्यंत रुतू शकतो.

रुतलेल्याला काढायला जाणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. ब्रिटनच्या कोस्टगार्डची किनारी बचाव पथकं 3,500च्या आसपास स्वयंसेवकांवर चालतात, आणि जिथे गाळ आहे तिथल्या पथकांना चिखलातून माणूस काढण्याचं वेगळं प्रशिक्षण मिळतं. मोरकम बेच्या काठचं आर्नसाइडचं पथक त्यांपैकी एक. 1824 मध्ये स्थापन झालेली आणि देणग्यांवर चालणारी ‘आरएनएलआय’ ही लाइफबोट संस्था मोरकम गावात होव्हरक्राफ्ट ठेवते. फ्लूकबरा गावात ‘बे सर्च अँड रेस्क्यू’ ही आणखी एक स्वयंसेवी संघटना आहे. तिच्याकडे रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी, मुळात बर्फासाठी बनवलेली स्वीडिश हॅग्लुंड्स वाहनं आहेत. पेजर वाजला की हातातलं काम टाकून निघायचं. या मंडळींच्या धाडसाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला त्यांच्या कामातलं भौतिकशास्त्र जास्त वेधक वाटतं, कारण ते आपल्या पहिल्या ऊर्मीच्या अगदी उलट जातं.

मुळात चिखल माणसाला गिळत नाही. गिळू शकतच नाही. पाण्याने तुडुंब भरलेल्या वाळूची घनता पाण्याच्या जवळजवळ दुप्पट असते, आणि माणसाची घनता साधारण पाण्याइतकी. आर्किमिडीजचा नियम लावला तर शरीराचा निम्मा भाग आत गेला की माणूस तरंगायला हवा, म्हणजे कमरेपाशी थांबायला हवा. खाडीतला गाळ वाळूपेक्षा पातळ असतो, त्यामुळे तिथे छातीपर्यंतही रुतायला होतं. पण डोक्यावरून चिखल जाऊन माणूस दिसेनासा होणं हे चित्रपटातच. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या डॅनियल बॉन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याचा प्रयोगच मांडला. बारीक वाळू, चिकणमाती आणि खारं पाणी यांचं मिश्रण करून त्यांनी त्यावर माणसाइतक्या घनतेचे ॲल्युमिनियमचे छोटे मणी ठेवले. मिश्रण हलवलं, तरी मणी निम्म्याच्या पुढे बुडेनात.

मग माणूस अडकतो कशाने? याचं उत्तर चिकणमातीत आहे. तिचे कण पापुद्र्यांसारखे चपटे असतात. खाऱ्या पाण्यात ते एकमेकांना कडेने चिकटून पत्त्यांच्या बंगल्यासारखी पोकळ रचना उभी करतात आणि वाळूचे कण या रचनेत अडकून राहतात. कोणी हात लावला नाही तोवर सगळं घट्ट दिसतं. पाय पडला की रचना कोसळते आणि मिश्रण क्षणात पातळ होतं. बॉन यांच्या मोजणीत त्याचा दाटपणा लाखो पटींनी उतरला. पाय आत जातो तो याच क्षणी. पण नाट्य इथे संपत नाही. पातळ झालेल्या मिश्रणातले वाळूचे कण जड असल्यामुळे खाली बसायला लागतात, पाणी वर येतं, आणि पायाभोवती वाळूचा आवळून बसलेला थर तयार होतो. हा थर मूळ मिश्रणापेक्षा कितीतरी घट्ट असतो. म्हणजे आत जाताना द्रव आणि बाहेर येताना जवळपास घन, असा हा विश्वासघातकी पदार्थ आहे. तडफड केली की आणखी थोडी रचना कोसळते आणि आणखी थोडी वाळू ठासून बसते.

आता पाय वर ओढून पाहा. पाय हलायचा तर त्याने रिकामी केलेली जागा कशाने तरी भरायला हवी. दाबून बसलेल्या वाळूतून पाणी इतक्या झटपट वाहून येत नाही, म्हणून तळव्याखाली निर्वाताच्या जवळची स्थिती होते आणि वरून हवेचा दाब पायाला खाली धरून ठेवतो. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. बुटाचा तळ दोनशे चौरस सेंटिमीटर धरला तर नुसत्या या शोषणाचंच ओझं दोनशे किलोंपर्यंत जाऊ शकतं. भोवतीच्या वाळूची पकड वेगळी. बॉन यांच्या गटाच्या अंदाजानुसार सेकंदाला एक सेंटिमीटर या वेगाने पाय वर आणायचा तर 10,000 न्यूटनच्या आसपास बळ लागेल, म्हणजे एक टन वजन उचलण्याइतकं. गुडघा आणि खुबा इतकी ओढ सोसण्यासाठी घडलेले नाहीत. काखेत दोर घालून चौघांनी ओढणं किंवा हेलिकॉप्टरने सरळ वर उचलणं का टाळतात, ते यावरून कळेल.

पथकाची पद्धत म्हणूनच वेगळी आहे. त्यांच्याकडे एक लांब पोकळ नळी असते, मागे होज आणि पंप. ही नळी पायाला लागून चिखलात खाली खुपसायची आणि तळव्याजवळ पाणी किंवा हवा सोडायची. पाण्याने ठासलेली वाळू पुन्हा सैल होते, शोषण तुटतं, आणि पाय हळूहळू, बोटाबोटाने वर येतो. समुद्राचं पाणी येण्याआधी माणूस सोडवायचा आहे, आणि त्यासाठी त्याच्या पायाशी पाणीच ओतायचं आहे! मदत येईपर्यंत अडकलेल्याला जे सांगतात तेही याच तत्त्वावर: मागे रेलून बसा, जमलं तर पाठीवर आडवे व्हा, पाय अगदी सावकाश हलवा, म्हणजे फटीतून थोडं पाणी झिरपेल. आणि सोबत्यांना जवळ येऊ देऊ नका.

वाचवणाऱ्याने स्वतः रुतू नये याचंही साधं गणित आहे. 75 किलोंचा माणूस दोन पायांवर उभा असताना तळव्यांखाली दर चौरस सेंटिमीटरला साधारण 0.2 किलो भार पडतो, आणि चालताना एकाच पायावर त्याच्या दुप्पट. आडवा झाला तर तोच भार दहा-वीस पटींनी कमी होतो. म्हणून ही माणसं चिखलात रुंद तळाची पादत्राणं घालतात आणि घसरगाडीवर ओणवी होऊन सरकतात. यात नवं काही नाही. दक्षिणेकडे ब्रिस्टल खाडीच्या काठी स्टोलफर्डचे मच्छीमार ‘मड हॉर्स’ नावाच्या लाकडी घसरगाडीवर छाती टेकून, मागे पाय मारत जाळ्यांपर्यंत जात आले आहेत. तंत्र तिथलंच, साहित्य बदललं. होव्हरक्राफ्ट याच तत्त्वाचं टोक आहे. दोन टनांहून जड यंत्र हवेच्या उशीवर इतक्या मोठ्या क्षेत्रावर पसरतं की त्याचा दर चौरस सेंटिमीटर भार चालत्या माणसापेक्षा कितीतरी कमी भरतो.

हे सगळं शांतपणे करता आलं असतं तर तो फक्त कौशल्याचा प्रश्न राहिला असता. पण चिखल धरून ठेवतो आणि जीव घेते ती भरती. मोरकम बेमध्ये मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी दहा मीटरपर्यंत चढते; मुंबईला हाच आकडा पाच मीटरच्या आसपास असतो. भरतीचे सहा तास धरले तर पाणी सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात बाराव्या हिश्श्याइतकंच, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र दर तासाला पाव हिस्सा, म्हणजे अडीच मीटर. आता किनारा दोन हजार मीटरला एक मीटर इतकाच उतरता असेल, तर अडीच मीटर चढणारं पाणी तासाभरात पाच किलोमीटर आत येतं. माणसाच्या चालण्याचा वेग तेवढाच. त्यातही पाणी सरळ रेषेत समोरून येत नाही. आधी नद्यांची खोल पात्रं भरतात, आणि वाळूच्या उंचवट्यावर उभ्या असलेल्याला पाठीमागे पाणी आलेलं कळतही नाही. 5 फेब्रुवारी 2004 च्या रात्री इथे शिंपले वेचायला आणलेले किमान 21 चिनी मजूर असेच घेरले जाऊन बुडाले. त्यांना ना भरतीची वेळ माहीत होती ना परतीची वाट. त्याच वर्षी ब्रिटनने मजूर पुरवणाऱ्या मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला.

आपल्या कोळ्यांचा जुना हिशोब इथे आठवतो: तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईकडच्या भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता. दर हंगामात कोकणातल्या किनाऱ्यांवर ओल्या वाळूत गाडी घालणाऱ्या पर्यटकांना हे माहीत नसतं, आणि वर सांगितलेलं भौतिकशास्त्रही नसतं. चाक रुतलं की ॲक्सिलरेटर दाबला जातो, थरथरीने खालची ओली वाळू पातळ होते, गाडी आणखी बसते, आणि थांबल्यावर वाळू चाकांभोवती आवळते. तिथे पाणी सोडून भागत नाही. टायरमधली हवा कमी करून भार पसरवावा लागतो, नाहीतर गावातला ट्रॅक्टर आहेच.

चिखलातून सुटलेला माणूस लगेच उभा राहत नाही, त्याला राहूही देत नाहीत. हवेपेक्षा पाणी उष्णता पंचवीसपट सहज वाहून नेतं. तासभर ओल्या गाळात अडकलेल्याचं शरीर चांगलंच गार पडलेलं असतं. शिवाय गाळाने चहूबाजूंनी दिलेला दाब एकदम निघून गेला की रक्त पायांत उतरून रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून त्याला आडवाच घसरगाडीवर घेतात आणि आडवाच किनाऱ्यावर आणतात.

ही पथकं कुत्र्यांसाठीही तितक्याच तत्परतेने निघतात, आणि त्यावर कधी कधी टीकाही होते. पण पथकांचा हिशोब साफ आहे. कुत्रा रुतला आणि मदत येत नाही असं दिसलं की पाचेक मिनिटांत मालक त्याच्यामागे चिखलात उतरतो. चार पायांवर वाटलेलं वीस किलो वजन काढणं सोपं असतं, ऐंशी किलोंचा घाबरलेला मालक काढणं नाही.