पडका किल्ला बघायचाय? मग बोहेमियन पॅरडाइज, बोहेमियन स्वित्झर्लंड नव्हे

प्रागहून सकाळी निघायचं, दिवसभर चालायचं, वाटेत एखादा पडका किल्ला बघायचा, गावातल्या खानावळीत चेक जेवण जेवायचं आणि रात्री परत. अशी सहल कुठे करावी, असं मला कुणी ना कुणी सतत विचारतं. बहुतेकांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं: बोहेमियन स्वित्झर्लंड. आणि मोबाइलवर दाखवतात तो फोटो मात्र त्रोस्कीचा असतो, दोन काळ्या सुळक्यांवर उभ्या असलेल्या किल्ल्याचा. हा किल्ला बोहेमियन स्वित्झर्लंडमध्ये नाही, बोहेमियन पॅरडाइजमध्ये आहे. चेकियातले हे दोन्ही भाग वेगवेगळे आहेत, दोन्हीकडे जायच्या गाड्या वेगळ्या आहेत, आणि 'सकाळी दगडी कमान, दुपारी त्रोस्की' असा बेत रेल्वे-बसने एका दिवसात जमत नाही. तरी दर उन्हाळ्यात हाच बेत कुणीतरी समोर ठेवतं.

बोहेमियन स्वित्झर्लंडबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेकांना माहीत असतं. चेक नाव चेस्के श्वीत्सार्स्को. एल्ब नदीला चेक लोक लाबे म्हणतात. ती जर्मनीत शिरते तिथलं ह्रेन्स्को हे गाव, आणि त्याच्या आसपासचं जंगल. 2000 सालापासून राष्ट्रीय उद्यान. प्राव्चित्स्का ब्राना ही तिथली कमान साडेसव्वीस मीटर रुंदीची, वालुकाश्माची युरोपातली सर्वांत मोठी नैसर्गिक कमान. खाली कामेनित्से नदीच्या अरुंद घळी. जुलै 2022 मध्ये तिथे मोठी आग लागली, एक हजार हेक्टरहून जास्त जंगल जळलं आणि त्यानंतर काही वाटा आणि घळी बराच काळ बंद राहिल्या. त्यामुळे निघण्याआधी कोणती वाट उघडी आहे ते उद्यानाच्या संकेतस्थळावर बघाच. जागा अतिशय सुंदर आहे. पण तुम्ही विचारलं होतं किल्ल्याबद्दल.

दुसरा भाग चेस्की राय, म्हणजे बोहेमियन पॅरडाइज. तुर्नोव आणि यिचीन या गावांच्या मधला टापू. 1955 साली संरक्षित झालेला हा चेकियातला पहिला निसर्गप्रदेश, आणि आज युनेस्कोचा जिओपार्क. राष्ट्रीय उद्यान नाही. हा फरक कागदावरचा वाटतो, पण संध्याकाळी भूक लागली की त्याचा अर्थ कळतो. त्याकडे येतोच.

खडकावरून दोन्हींत निवड करू नका. दोन्हीकडे समुद्राच्या तळाशी साचलेला तोच क्रिटेशियस काळातला वालुकाश्म आहे, दोन्हीकडे त्याचे मनोरे आणि फटी आहेत. अंतरावरूनही करू नका. तुर्नोवला प्रागच्या मुख्य स्थानकावरून थेट गाडीने साधारण दोन तास लागतात. ज्येचीनला दीड तास, पण तिथून ह्रेन्स्कोला पुढे बस घ्यावी लागते. एकूण वेळ जवळपास सारखाच. ड्रेस्डेनला राहत असाल तर अर्थातच स्वित्झर्लंड जवळ. श्कोडाचं मुख्य ठाणं असलेल्या म्लादा बोलेस्लावमध्ये असाल तर पॅरडाइज, कारण तुर्नोवची गाडी तिथूनच जाते. चाकण आणि शेंद्र्याच्या श्कोडा कारखान्यांमुळे आपल्याकडचे बरेच इंजिनियर म्लादा बोलेस्लावला येऊन राहतात आणि शनिवार-रविवारी प्रागला पळतात. त्यांनी एकदा तरी उलट्या दिशेची गाडी धरावी, असं मला मनापासून वाटतं.

आता खरा फरक. 'किल्ल्याचे अवशेष' असं दोन्हीकडच्या नकाशांवर लिहिलेलं असतं, चिन्हही तेच असतं. पण प्रत्यक्षात समोर येतं ते अगदी वेगळं असतं.

स्वित्झर्लंडमध्ये येत्र्झिखोवित्से गावाजवळ फाल्केनश्टेयन आणि व्हिसोका लीपाजवळ शाउनश्टेयन असे दोन किल्ले नकाशावर दिसतात. शिड्या आणि फटींतून वर चढून गेलात की वर किल्ला नसतो. असतो एक उंच खडक, त्यात कोरलेल्या पायऱ्या, तुळया बसवायच्या चौकोनी खोबणी, कुठे पाण्याचं टाकं. भिंत जवळजवळ नाही. हे पडून गेलेलं नाही, मुळातच दगडात फारसं बांधलेलं नव्हतं. 14व्या शतकात बेर्का घराण्याच्या सरदारांनी व्यापारी रस्त्यांवर नजर ठेवायला इथे चौक्या उभारल्या. सह्याद्रीत घाटवाटेच्या डोक्यावर टेहळणीचा छोटा गड असतो, तशातलाच हा प्रकार. खडकानेच तटाचं काम केलं आणि वरचं सगळं लाकडाचं होतं. लाकूड गेलं, खोबणी राहिल्या. ज्याला त्या खोबणी बघून वरचं छप्पर, जिना, पहारेकऱ्याची खोली मनात उभी करता येते त्याला शाउनश्टेयन फार आवडतो. मलाही आवडतो. पण ज्याने सोबत मुलांना 'किल्ला दाखवतो' म्हणून आणलंय, त्याची मुलं वर पोचल्यावर 'किल्ला कुठाय' असं विचारतात.

पॅरडाइजमध्ये भिंती उभ्या आहेत. त्रोस्की 14व्या शतकाच्या अखेरीस चेनेक या वार्टेनबेर्क घराण्यातल्या सरदाराने बांधला. दोन सुळक्यांपैकी बुटका आणि रुंद तो बाबा, म्हणजे म्हातारी. उंच आणि निमुळता तो पान्ना, म्हणजे कुमारिका. दोन्हींच्या डोक्यावर दगडी बुरूज, आणि दोन्हींमधल्या खिंडीत तट आणि वाड्याच्या भिंती. आजूबाजूचा सगळा टापू वालुकाश्माचा असला तरी हे दोन सुळके बेसॉल्टचे आहेत, आपल्या सह्याद्रीच्या जातीचा काळा ज्वालामुखीय दगड. ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा टिकला आणि भोवतीचं मऊ सगळं झिजून गेलं. वालुकाश्मावर एवढं उंच आणि एवढं निमुळतं काही बांधून टिकलं नसतं. हुसाईट, म्हणजे धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांच्या, सैन्याला 15व्या शतकात हा किल्ला घेता आला नाही. तीस वर्षांच्या युद्धाच्या शेवटी, 1648 साली, तो जळाला आणि तेव्हापासून पडीक आहे. आज पायऱ्यांनी वर जाता येतं, आणि तिथे उभं राहिलं की आपण भिंतींच्या आत आहोत हे सांगावं लागत नाही.

तुर्नोवहून त्रोस्कीला जाणाऱ्या वाटेवर वाल्डश्टेयन आहे, 13व्या शतकातला, तीन खडकांवर पसरलेला आणि पुलांनी जोडलेला. तीस वर्षांच्या युद्धातला प्रसिद्ध सेनापती आल्ब्रेख्ट वालेनश्टाइन ज्या घराण्यातला, त्या घराण्याचं हे मूळ ठाणं. सोबोत्काजवळचा कोस्त तर पडकाच नाही, गॉथिक किल्ला जवळजवळ अखंड उभा आहे. ज्यांना 'अवशेष' हवेत त्यांना मी कोस्त सांगत नाही. तो वेगळ्या दिवसाचा. अपवादही आहे. पॅरडाइजच्या पश्चिम टोकाला द्राप्स्के स्विएत्निच्की म्हणून खडकात कोरलेल्या खोल्यांचा किल्ला आहे, तो शाउनश्टेयनच्याच जातीचा. तिथे गेलेला माणूस 'पॅरडाइजमध्येही नुसत्या खोबणी आहेत' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण एका टोकावरून सगळ्या टापूचं मत बनवू नये.

हा फरक का पडला, हे समजून घेतलं की जेवणाचा प्रश्नही सुटतो, कारण दोन्हींचं मूळ एकच आहे. यिझेरा नदीच्या आसपासची जमीन कसायला चांगली. गावं दाट, सरदार श्रीमंत, म्हणून दगडी किल्ले. उत्तरेचा सीमाभाग खोल घळींचा आणि जंगलाचा. शेती थोडी, रस्ता राखणं हेच मुख्य काम, म्हणून चौक्या. पुढे 1945 नंतर आणखी एक गोष्ट घडली आणि प्रवासी लेखांत ती क्वचितच येते. स्वित्झर्लंडच्या भागातली वस्ती बहुतांश जर्मनभाषक होती. युद्धानंतर त्या लोकांना हाकलून देण्यात आलं. काही घरं नव्या लोकांना मिळाली, काही वाड्या कायमच्या उठल्या. झाद्नी येत्र्झिखोवित्से ही अशीच नाहीशी झालेली वाडी. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली स्वयंपाकघरं तिथे तुटली. तुर्नोवच्या बाजूला असं झालं नाही. तिथे गावं तीच, कुटुंबं बरीचशी तीच, खानावळीही.

म्हणून चेक जेवणासाठी जायचं असेल तर मी पॅरडाइजच सांगतो, दुसरा पर्याय देत नाही. ह्रेन्स्कोत हॉटेलं आहेत, दुकानांच्या रांगा आहेत, पण ती येणाऱ्या पर्यटकासाठी. वाटेवर, उद्यानाच्या आत, खाण्याच्या जागा मोजक्या. पॅरडाइजमध्ये लोक राहतात, शेती करतात, त्यामुळे वाट दर थोड्या वेळाने एखाद्या गावातून जाते आणि गावात होस्पोडा असते. होस्पोडा म्हणजे बिअर आणि जेवण दोन्ही मिळणारी गावची बैठक. तुर्नोवच्या जवळच स्वियानीची बिअर बनते, आणि ती ब्रुअरी 1564 पासूनची आहे.

आणि कृपा करून त्रदेलनीकला चेक जेवण म्हणू नका. प्रागच्या जुन्या शहरात निखाऱ्यावर फिरणारी ती साखर लावलेली पिठाची नळी गेल्या काही वर्षांत पर्यटकांसाठी आली. तिचं नोंदणीकृत मूळ स्लोव्हाकियातल्या स्कालित्साचं आहे. गावच्या होस्पोडात ती मिळणार नाही.

जे मिळतं त्याचा कणा क्नेडलिक. मैद्याच्या पिठात शिळ्या पावाचे तुकडे घालून, लांब वळी करून उकडतात आणि चकत्या कापतात. त्या कोरड्या खाऊन 'बेचव' म्हणणारे लोक बघितले की मला वाईट वाटतं. क्नेडलिक सॉस टिपून घ्यायला असतो. आधी चकती सॉसमध्ये बुडू द्या, मग खा. सर्वांत प्रसिद्ध स्विच्कोव्हा, म्हणजे गाजर-सेलरीच्या मलईदार सॉसमध्ये बीफ, वर क्रॅनबेरी. गुलाशही बहुधा बीफचाच. बीफ चालत नसेल तर कुर्झे ना पाप्रित्से मागा, पाप्रिकाच्या मलईदार सॉसमधली कोंबडी, तोच क्नेडलिक सोबत. शाकाहारी असाल तर लोक तुम्हाला स्माझेनी सीर देतील, पावाचा चुरा लावून तळलेलं चीज आणि उकडलेले बटाटे. ठीक आहे, पण माझी निवड ओव्होत्स्ने क्नेडलिकी: आत आख्खी स्ट्रॉबेरी, जर्दाळू किंवा प्लम, वर त्व्हारोह नावाचं ताजं चीज, लोणी आणि साखर. इथे ते गोड म्हणून नंतर येत नाही, मुख्य जेवण म्हणून ताटभर येतं. कुलायदा हे मशरूम, बटाटा, शेपू आणि मलईचं आंबट सूप त्याच्या आधी घ्या. त्यात अंडं असतं, आणि सूप मांसाच्या पाण्यात केलंय का ते विचारून घ्या. गावातलं स्वयंपाकघर लवकर बंद होतं, बिअर नंतरही मिळत राहते. म्हणून जेवण संध्याकाळवर ढकलू नका.

वाटेच्या खुणांबद्दल एकच. झाडांवर पांढऱ्या पट्ट्यांमध्ये लाल, निळा, हिरवा, पिवळा असा रंग दिसतो. हे रंग अवघडपणाचे नाहीत. लाल म्हणजे कठीण असं समजून लोक चांगली वाट सोडतात. चेक पर्यटक मंडळाने 1889 पासून या खुणा करायला सुरुवात केली. लाल म्हणजे लांबची मुख्य वाट, पिवळी म्हणजे बहुधा जोडवाट. त्रोस्कीला नेणारी पॅरडाइजची सोनेरी वाट लालच आहे आणि ती सहज चालता येते.

माझा ठरलेला मार्ग तुर्नोवहून सुरू होतो: वाल्डश्टेयन, मग खडकांच्या मनोऱ्यांमधून मारियान्स्का व्हिहलीद्का हा कडा, तिथून ह्रुबा स्काला, विडलाक तलाव आणि शेवटी त्रोस्की. साधारण पंधरा-सोळा किलोमीटर, मोठी चढण अशी नाहीच. उलट बाजूनेही करतात लोक, पण मला ते पटत नाही. तुर्नोवहून निघालं की त्रोस्कीचे सुळके आधी कड्यावरून लांब दिसतात आणि चालता चालता मोठे होत जातात. उलटं केलं तर ते आधी संपतात आणि उरलेली वाट त्यांच्याकडे पाठ करून चालावी लागते. जेवण ह्रुबा स्कालाला, अर्ध्या वाटेवर, दुपारीच उरकावं. त्रोस्कीहून खाली क्तोव्हा किंवा बोरेक या छोट्या स्थानकांवर उतरलं की तुर्नोवची गाडी मिळते. गाड्या थोड्या असतात, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा. आणि सोमवारी जाऊ नका. सरकारी ताब्यातले बहुतेक किल्ले त्या दिवशी बंद असतात.