गावी ठेवलेली मुलं आणि ‘पालक’ या शब्दाचा घोळ

1921च्या जनगणनेत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे बायका होत्या साधारण सव्वापाचशे. गिरणीत आलेल्या गड्यांची बायकापोरं रत्नागिरीत, साताऱ्यात, कोल्हापुरात होती. खानावळीत जेवायचं, गाळ्यात वळकटी पसरायची आणि पाळी बदलली की जागा दुसऱ्याला मोकळी करून द्यायची. अशा खोलीत पोर आणून ठेवणार कुठे? त्यात बदली कामगाराला, म्हणजे कायम गडी गैरहजर असेल तरच काम मिळणाऱ्याला, उद्याच्या कामाचा भरवसा नसे आणि गावचा शेताचा तुकडा कसायला घरी माणूस लागेच.

हा संसार मनीऑर्डरीवर चाले. टपाल खात्याने ती 1880मध्ये सुरू केली. फॉर्मच्या तळाशी निरोपापुरती जागा असे. पोस्टमन पैसे मोजून देई, निरोप वाचून दाखवी, सही नाहीतर अंगठा घेई. एकत्र कुटुंबात मात्र ती बऱ्याचदा सासऱ्याच्या किंवा थोरल्या दिराच्या नावाने येई. पाटी-पुस्तकाचा, औषधाचा पैसा थेट आईच्या हातात पडत नसे. चाकरमान्याच्या कष्टांवर पुष्कळ लिहून झालंय. वहीसाठी दिरापुढे उभं राहणाऱ्या त्याच्या बायकोवर कुणी फारसं लिहीत नाही.

मुलगा सातवी झाला की बाप त्याला मुंबईला आणी. दिवसा मिळेल ते काम, संध्याकाळी रात्रशाळा. मुलगी गावीच राही. 18 जानेवारी 1982ला सुरू झालेला गिरणी संप लांबला तेव्हा चाळीत वाढलेली पोरंही गावच्या शाळेत परत गेली. तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

कमी ठाऊक आहे तो कागदाचा भाग. मराठीत ‘पालक’ हा एकच शब्द तिघांना चालतो: जन्म देणारा, मुलाच्या वतीने सही करण्याचा कायदेशीर अधिकार असलेला आणि रोजचा सांभाळ करणारा. तिघं एका घरात असतील तर अडत नाही. एक जण परळला, दुसरी ऊसतोडीच्या फडावर आणि तिसरी गावच्या पडवीत असली की शाळेचा प्रत्येक फॉर्म अडतो.

1956च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 6प्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईच्या ताब्यात असावं, एवढीच तिची सोय. ‘त्याच्यानंतर’ म्हणजे तो मेल्यावर, असाच अर्थ कचेऱ्या आणि बँका लावत आल्या. बाप लालबागला, मायलेकरं लांज्याला, पण सही लालबागची. 1999मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शब्दाचा अर्थ ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा लावला. मायलेकरं राहतात तिथून बाप दूर राहत असेल आणि त्यामुळे मुलाकडे पाहू शकत नसेल, तर तीही अनुपस्थितीच, हेही निकालात आलं. अगदी कोकणातलं घर डोळ्यासमोर ठेवून लिहावा तसा निकाल. लागला तेव्हा गिरण्यांचे भोंगे बव्हंशी थंडावले होते.

आणि तोवर घर सोडण्याची तऱ्हाही बदलली होती. गिरणीत एकटा बाप जाई. ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी धरला अर्धा कोयता. टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीच्या हिशोबाने. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मागे राहते आजी, आणि 1999चा निकाल आजीच्या काही कामाचा नाही. तिला कायद्याने पालक व्हायचं तर 1890च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज, वकील, तारखा. सहा महिन्यांच्या सांभाळासाठी कोण जाईल?

तिला बसवून घेणारी व्याख्या आली ती 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात, 1 एप्रिल 2010पासून लागू. मुलाचा सांभाळ आणि ताबा ज्याच्याकडे तो पालक, असं कलम 2 सांगतं. न्यायालयाने नेमलेलाच असावा अशी अट नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा आई-वडील किंवा पालकांच्या, त्यातही ती बसते. फॉर्मवर मात्र अजून ‘वडिलांची सही’ असा रकाना दिसतो. बँकेत तर ही व्याख्या चालतच नाही. तिथे नैसर्गिक किंवा न्यायालयाने नेमलेलाच पालक लागतो. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं चालवू देण्याची मुभा बँकांना 2014मध्ये मिळाली, तरी काउंटरवर ती मागून घ्यावी लागते.

मागे राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली. नाव वसतिगृह, पण बऱ्याच गावांत मूल झोपायला आजीकडे आणि दोन वेळा जेवायला शाळेत. बिघडतं ते तारखांमध्ये. आधी कोण राहणार याची यादी, मग मंजुरी, मग निधी. टोळी निघते त्या दिवशी मंजुरी हातात नसली, तर आई पोराला बरोबर नेते. यादीत नाव राहतं, पोर फडावर असतं. मोठी मुलगी असेल तर फडावरच्या खोपीतलं, म्हणजे झोपडीतलं, तान्हं सांभाळायला ती आधी उचलली जाते.

4 जुलै 2015ला राज्यभर शाळाबाह्य मुलांचं एका दिवसाचं सर्वेक्षण झालं, मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावून. आकडा इतका लहान निघाला की वाद पेटला. खरं तर महिनाच चुकला होता. जुलैत ऊसतोडीची घरं गावीच असतात आणि मुलं पटावर. सलग महिनाभर गैरहजर ते मूल शाळाबाह्य, या निकषात बसणारी मुलं शोधायची तर डिसेंबरात हिंडायला हवं.

मुंबईत आज रोजंदारीच्या कामासाठी नाक्यावर उभं राहणारं जोडपंही याच हिशोबात सापडतं. 2025पर्यंत लागू असलेल्या 1996च्या बांधकाम कामगार कायद्यात पाळणाघर होतं, पण सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आणि 50हून अधिक बायका कामावर असतील तिथेच. काम तुकड्या-तुकड्यांनी कंत्राटदारांत वाटलं की प्रत्येकाचा आकडा पन्नासच्या आत राही. सहा पूर्ण झालेलं पोर मग गावी जातं. त्याला मुंबईत आणलंच, तर दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 स्पष्ट सांगतं. तरी ऑनलाइन नोंद गावच्या शाळेतून सुटेपर्यंत नव्या शाळेच्या पटावर ते येत नाही. गावची शाळा लवकर सोडतही नाही: कायद्याच्या परिशिष्टात 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61व्याला तिसरा. एका नावावर एक पद टिकलेलं असतं.

रेशनचं गणित असंच फसतं. 2013च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य. कार्ड कुठेही चालतं, आणि कोटा थोडा मुंबईत, थोडा गावी उचलता येतो. बापाने मुंबईतल्या दुकानात फक्त आपल्या वाट्याचे किलो सांगायला हवेत. सगळा कोटा तिथेच उचलला गेला तर आजी गावच्या दुकानात अंगठा लावते तेव्हा मशीनवर शिल्लक शून्य येते, आणि तो महिना तसाच जातो.