बुरशी, धूसरपणा, अडकलेल्या पाकळ्या: जुनी लेन्स दुरुस्तीला द्यावी का?

जुन्या लेन्समधून टॉर्च मारून पाहिले की बहुतेकांच्या पोटात गोळा येतो. धुळीचे कण, एखादा ओरखडा, कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू, सगळे एकदम दिसते. पण टॉर्च दाखवतो ते सगळे फोटोत उतरत नाही. म्हणून दुरुस्तीचा खर्च विचारण्याआधी दोष कुठल्या काचेवर आहे आणि तो काचेवर बसलेला मळ आहे की काचच झिजली आहे, हे ठरवावे. लेन्सचे वय त्यानंतरची गोष्ट.

फोटोतला प्रत्येक बिंदू लेन्समधल्या पूर्ण छिद्रातून आलेल्या प्रकाशाने बनतो. लेन्सची फोकल लेंग्थ (५० मिमी लेन्समधले ‘५० मिमी’) एफपुढच्या आकड्याने भागली की या छिद्राची रुंदी मिळते, म्हणून ५० मिमीची लेन्स एफ/२ वर असताना ते २५ मिमी रुंद असते. पुढच्या काचेवरचा १ मिमीचा ठिपका त्यातला फक्त ६२५ वा हिस्सा, म्हणजे ०.१६ टक्के प्रकाश अडवतो. ते कुणाच्याही डोळ्याला कळणार नाही. एफ/१६ ला मात्र छिद्र जेमतेम ३ मिमीचे उरते आणि तोच ठिपका मध्यभागी असेल तर सुमारे दहावा हिस्सा अडवू शकतो. मागच्या काचेवरचा डाग आणखी वाईट. तिथे प्रकाशाचा शंकू निमुळता झालेला असतो, त्यामुळे डागाची सावली सेन्सरवर पडू शकते. सारांश, पुढच्या काचेवरच्या बारीक ओरखड्यासाठी लेन्स टाकून देऊ नये. खोल टवका असेल तर कारागीर त्यात काळा रंग भरतात. तेवढा प्रकाश कमी होतो, पण टवक्यावरून विखुरून फोटोभर पसरणारा प्रकाश थांबतो, आणि खरा त्रास त्या विखुरलेल्या प्रकाशाचाच असतो.

मुंबई-कोकणात आणि गोव्यात पहिला शत्रू बुरशी. सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की ती वाढू लागते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिथली हवा ८० च्या खाली क्वचितच येते. बिजाणू हवेत सगळीकडे असतात, त्यामुळे एका लेन्सची बुरशी दुसरीला ‘लागते’ ही भीती थोडी अवास्तव आहे. दोन्ही लेन्स एकाच दमट कपाटात असतात हे खरे कारण. बुरशी काच खात नाही. काचेवरची धूळ, बोटांचे ठसे, ग्रीसचा पातळ थर यांवर ती जगते. पण वाढताना सेंद्रिय आम्ले सोडते, आणि ती आम्ले आधी काचेवरचे कोटिंग (प्रकाश परतू न देणारा पातळ थर) आणि मग काच कोरतात.

कोटिंग गेले तर काय बिघडते? बिनकोटिंगच्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो, चांगले कोटिंग हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणते. साध्या ५० मिमी एफ/१.८ लेन्समध्ये हवेला लागून असे दहा पृष्ठभाग असतात. कोटिंग नसते तर त्यातून ६६ टक्के प्रकाश पार झाला असता. कोटिंगमुळे ९५ टक्के होतो. एकाच पृष्ठभागाचे कोटिंग ठिकठिकाणी खराब झाले, तर एरवी फरक दिसत नाही. सूर्य किंवा रस्त्यावरचा दिवा समोर आला की मात्र काळा रंग करडा होतो.

म्हणून बुरशीच्या लेन्सची परीक्षा रात्री घ्यावी. दिवा चौकटीच्या कोपऱ्यात ठेवून एक फोटो, दिवा चौकटीबाहेर काढून दुसरा. दोन्हींतला अंधार जवळपास सारखाच काळा असेल, तर बुरशी अजून वरवरची आहे आणि साफसफाई फायद्याची ठरेल. सफाईला ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया समप्रमाणात मिसळून कापसाच्या बोळ्याने लावतात, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. (अमोनियात ब्लीच कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो.) तंतू निघाले तरी त्यांच्या आकाराचे फिके नक्षीकाम काचेवर उरले, तर ती कोरलेली जागा आहे, ती कशानेही भरून येत नाही. उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवून बुरशी मरू शकते, पण मेलेले तंतू आणि कोरलेली काच जिथल्या तिथे राहतात.

उन्हाचा खरा उपयोग होतो तो पिवळ्या पडलेल्या जुन्या लेन्सना. पेंटॅक्सच्या सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ सारख्या काही लेन्समध्ये थोरियमयुक्त काच वापरली होती, आणि तिच्या किरणोत्सारामुळे ती वर्षानुवर्षे चहासारखी तपकिरी होत जाते. अतिनील एलईडीखाली काही दिवस ते काही आठवडे ठेवल्यावर रंग बराच उतरतो. उन्हात ठेवायची तर काच सूर्याच्या रोखाने ठेवून निघून जाऊ नये, भिंगाने आग लागते.

धूसरपणाचे दोन प्रकार आहेत. ग्रीसमधले तेल उडून आतल्या काचांवर सायीसारखे बसते. हे पुसून जाते. दुसरा प्रकार चिकटवलेल्या दोन काचांच्या मधला. तिथे कडेपासून इंद्रधनुषी कडी किंवा दुधाळ ढग दिसतो. जुन्या काळी चिकटवायला कॅनडा बाल्सम वापरत, ते वयाने सुटते. काचा गरम करून सुट्या करणे, मध्यबिंदू जुळवून पुन्हा चिकटवणे हे काम येणारे कारागीर फार थोडे. दुर्मीळ लेन्स नसेल तर हा नाद सोडावा.

प्रकाशाचे छिद्र, म्हणजे ॲपर्चर, लहान-मोठे करणाऱ्या पातळ पाकळ्यांवर तेल उतरले तर ते सुस्त होते. कडक उन्हात गाडीत विसरलेल्या लेन्समध्ये हे हमखास दिसते. एफ/८ वर एकाच प्रकाशात पाठोपाठ पाच-सहा फोटो घ्या. काही फोटो जास्त उजळ आले तर पाकळ्या वेळेवर मिटत नाहीत. पाकळ्या काढून पेट्रोलियम नॅफ्थाने धुऊन कोरड्याच बसवतात, त्यांना वंगण द्यायचे नसते. हे काम करून घेण्यासारखे आहे, नुसते ‘चालवून मोकळे’ केले तर महिन्याभरात पुन्हा अडकतात.

झूम लेन्समध्ये आणखी एक दोष असतो आणि त्याचे निदान घरी होते. पूर्ण उघड्या ॲपर्चरला फोटो निघतो, पण एफ/८ ला कॅमेरा एरर दाखवतो, किंवा ठरावीक फोकल लेंग्थलाच एरर येतो. असे असेल तर ॲपर्चरकडे जाणारी चपटी केबल घड्या पडून तुटली असण्याची शक्यता मोठी. केबल स्वस्त असते, खर्च तो बसवण्याच्या मजुरीचा. लेन्स उत्तम दर्जाची असेल तर हा खर्च नक्की करावा. फोकसची मोटर गेली असेल तर गणित बदलते. अल्ट्रासोनिक मोटर सहसा अखंड भाग म्हणून बदलतात, आणि स्वस्त ५० मिमी लेन्सच्या बाबतीत तो खर्च सेकंडहँड लेन्सच्या किमतीला भिडतो.

पडलेली लेन्स बाहेरून धड दिसली तरी एखादी काच तिरकी झालेली असू शकते. कॅमेरा ट्रायपॉडवर, दोन सेकंदांचा टायमर, समोर लांबवरच्या इमारती, ॲपर्चर पूर्ण उघडे. चारही कोपरे स्क्रीनवर १०० टक्के आकारात पाहा. सगळे कोपरे सारखेच मऊ, म्हणजे अस्पष्ट असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा मऊ आणि समोरचा कोपरा धारदार असेल तर काच सरकली आहे, आणि ती जुळवायला साध्या स्क्रू-ड्रायव्हरपेक्षा बरेच काही लागते. स्वतः उघडणाऱ्यांना एवढेच: जपानी लेन्सचे स्क्रू जपानी मापाचे असतात. नेहमीच्या फिलिप्स टोकाने त्यांची खाच झिजते आणि पुढे कारागीरही हात लावायला तयार होत नाही. फोकसची कडी ज्या आट्यांवर फिरते त्या सुट्या होतात ती जागा सुटण्याआधी टोकदार पेन्सिलने खुणावली नाही, तर बरोबर जागा शोधण्यात दिवस जातो, कारण त्या आट्या अनेक ठिकाणांहून सुरू होऊ शकतात.

आता पैशाचा हिशेब. दुरुस्तीचा खर्च नव्या लेन्सच्या किमतीशी ताडून पाहू नये. तीच लेन्स चांगल्या स्थितीत सेकंडहँड कितीला मिळते ते पाहावे. खर्च त्याच्या निम्म्याच्या आत असेल तर दुरुस्ती, त्याहून जास्त असेल तर बदल. ही आमची साधी पट्टी. तिला दोन अपवाद आहेत. आजच्या कॅमेऱ्यावर लेन्स पूर्ण चालते का, हा पहिला. १९८७ पासूनच्या कॅननच्या ईएफ लेन्स कंपनीच्या नव्या मिररलेस (आतला आरसा नसलेल्या) आरएफ कॅमेऱ्यांवर ॲडॅप्टरने ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या ५० मिमी एफ/१.८डी सारख्या, कॅमेऱ्यातल्या मोटरवर अवलंबून असलेल्या लेन्स मात्र निकॉनच्या मिररलेस कॅमेऱ्यांवर, त्यांच्या एफटीझेड ॲडॅप्टरने, हातानेच फोकस कराव्या लागतात. म्हणजे मिररलेसकडे जायचे ठरले असेल तर अशा लेन्सवर मोठा खर्च करू नये. दुसरा अपवाद सुट्या भागांचा. उत्पादन बंद झाल्यावर कंपन्या ठरावीक वर्षेच भाग ठेवतात, म्हणून लेन्स देण्याआधी हवा तो भाग शिल्लक आहे का हे नावानिशी विचारावे. भाग नसेल आणि कारागीर दुसऱ्या लेन्समधून काढून लावणार असेल, तर तो कुठल्या लेन्समधला हेही विचारावे.

साफ होऊन आलेली लेन्स पुन्हा त्याच कपाटात गेली तर पुढच्या पावसाळ्यात बुरशी परत येते. कातडी केसमध्ये तर ठेवूच नये, चामडे ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत छोटा आर्द्रतामापक आणि रंग बदलणारे सिलिका जेल एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये हवा. ३० च्या खाली गेला तर ग्रीस आणि रबराला ते मानवत नाही. जेलचा रंग पालटला की ते ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन तास तापवून, गार करून परत डब्यात ठेवावे. कोकणात जुलैमध्ये हे काम आठवड्यालाही करावे लागते, विशेषतः डबा रोज उघडला जात असेल तर.